दया नव्हे, न्याय : यहुदी परंपरेतील नित्यदान आणि महाराष्ट्र

दान हा शब्द भारतीय समाजात जितका पवित्र मानला गेला, तितकाच तो संशयास्पदही ठरला आहे. दान देणाऱ्याच्या पदरी पुण्य पडते आणि घेणाऱ्याच्या पदरी उपकाराचे ओझे पडते, असा आपल्याकडील शतकानुशतकांचा व्यवहार. ज्यांच्या पूर्वजांनी गावाच्या वेशीबाहेर राहून दारोदार भाकरी मागितली, त्यांना या ओझ्याचे वजन सांगावे लागत नाही. म्हणूनच जगातील इतर धर्मपरंपरांनी दानाकडे कसे पाहिले, देणाऱ्याच्या गर्वाला आणि घेणाऱ्याच्या अपमानाला आवर घालण्यासाठी कोणते नियम केले, हा आमच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे. प्रस्तुत लेखात आम्ही यहुदी परंपरेतील नित्यदानाचा विचार करणार आहोत. विषय दूरदेशीचा वाटला, तरी त्याचे धागे कोकणच्या किनाऱ्यापासून पुण्याच्या ससून रुग्णालयापर्यंत आणि तेथून दौंड तालुक्यातील केडगावपर्यंत पोहोचलेले आहेत.

शब्दाचा अर्थ

यहुदी लोक दानास हिब्रू भाषेत 'त्सदाका' म्हणतात. या शब्दाचे मूळ 'त्सेदेक' म्हणजे न्याय अथवा योग्य वर्तन हे होय. अरबीतून आपल्याकडे आलेला 'सदका' हा शब्द त्याचाच भाऊबंद. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दया, करुणा, उपकार या अर्थाचे वेगळे शब्द हिब्रू भाषेत आहेत; परंतु गरजूला द्यावयाच्या वाट्यासाठी रूढ झालेला शब्द मात्र न्यायाच्या कुळातला आहे. ज्याच्याजवळ आहे त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला देणे हा मनाच्या मोठेपणाचा प्रश्न नसून ते कर्तव्य आहे, आणि न दिल्यास दुसऱ्याचे आपल्याजवळ ठेवून घेतल्याचा दोष लागतो, अशी त्यामागील धारणा आहे.

मराठीत याच्या नेमके उलट घडले. भीक मागणारा आपल्या दारी 'धर्म करा' म्हणतो. म्हणजे देणाऱ्याने धर्म करावयाचा आणि घेणाऱ्याने त्या धर्माचे निमित्त व्हावयाचे. घेणाऱ्याचा हक्क कोणता, हा प्रश्न त्या वाक्यात उद्भवतच नाही. एका समाजाने दानाला न्याय म्हटले आणि दुसऱ्याने पुण्य म्हटले. या दोन शब्दांमधील अंतर मोजल्याशिवाय दानाचा इतिहास समजत नाही.

शेतातील हक्क

त्सदाकाचा उगम शेतीप्रधान जीवनात आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत शेतकऱ्यासाठी काही नियम सांगितले आहेत. पीक कापताना शेताचा कोपरा कापू नये. तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखावा. कापणीत गळून पडलेली कणसे मालकाने उचलू नयेत. एखादी पेंढी शेतात विसरली, तर ती आणण्यासाठी मागे फिरू नये. ती परका, अनाथ आणि विधवा यांची. द्राक्षमळ्यालाही असेच नियम लावले आहेत.

आपल्या खेड्यांत यासाठी एक नेमका शब्द आहे : सरवा. पीक निघाल्यावर रानात राहिलेली कणसे गोरगरीब बायका-मुले वेचतात, त्यास सरवा वेचणे म्हणतात. मराठी बायबलच्या वाचकांना हा शब्द रूथच्या कथेतून परिचित आहे. ती परदेशी विधवा सासूचे पोट भरण्यासाठी परक्याच्या शेतात सरवा वेचते. तथापि आपल्याकडील सरवा मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतो. त्याने हाकलले तर निघून जावे लागते. यहुदी धर्मशास्त्राने ही मर्जीच काढून घेतली.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या संहितेत 'पेआह' म्हणजे 'कोपरा' या नावाचा एक स्वतंत्र भागच आहे. कोपरा किती राखावा याला वरची मर्यादा नाही. पण तो पिकाच्या साठाव्या हिश्श्याहून कमी नसावा, असे त्यात सांगितले आहे. एके ठिकाणी दोन कणसे गळली तर ती गरिबाची, तीन गळली तर ती मालकाची, इतक्या बारकाव्यापर्यंत ही चर्चा जाते. गरिबांनी दिवसातून तीन वेळा शेतात यावे, अशी वेळही ठरवून दिली आहे. सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे, हा वाटा कोणाला मिळावा हे ठरविण्याचा अधिकार मालकाला नाही. आपल्या ओळखीच्या गरिबाला पुढे करणे किंवा नावडत्याला मागे सारणे त्याला निषिद्ध आहे. जे त्याचे नाही, ते वाटण्याचा मोठेपणाही त्याने मिरवू नये, असा त्याचा अर्थ होतो.

याच संहितांत मजुरीचाही विचार आहे. रोजंदारीच्या मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे. गरिबाने अंगावरचे पांघरूण गहाण ठेवले असेल, तर रात्री ते त्यास परत करावे. सातव्या वर्षी कर्जे सोडून द्यावीत. मजुरी थकवून देवळाला देणगी देणारा मालक या कायद्याच्या दृष्टीने दाता ठरू शकत नाही.

अर्थात या प्राचीन समाजाचे उदात्तीकरण करण्याचे आम्हांस कारण नाही. त्यात गुलामगिरी होती. स्वकीयांकडून व्याज घेण्यास मनाई आणि परक्याकडून घेण्यास मुभा, असा भेदही होता. परंतु जन्माने ठरलेली सेवा केल्याच्या बदल्यातच गरिबाला धान्य मिळेल, अशी अट त्या कोपऱ्याला नव्हती. हा फरक पुढे बलुत्याचा विचार करताना उपयोगी पडेल.

पेटी आणि ताटली

जेरुसलेमचे मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले. यहुदी लोक देशोदेशी विखुरले, बहुतेकांच्या हातून शेती गेली आणि शेताच्या कोपऱ्याची जागा पैशाच्या पेटीने घेतली. तालमुद या ग्रंथात गावोगावच्या दोन व्यवस्थांचे वर्णन येते. पहिली 'कुप्पा' म्हणजे आठवड्याची पेटी. शुक्रवारी तिच्यातून गावातील गरिबांना पुढील आठवड्याच्या चौदा जेवणांपुरते पैसे दिले जात. दुसरी 'तमहुई' म्हणजे रोजची ताटली; तिच्यातून आलेल्या-गेलेल्या कोणाही भुकेल्याला त्या दिवसाचे अन्न मिळे. ज्याच्या घरी दोन वेळचे जेवण आहे त्याने ताटलीतून घेऊ नये आणि ज्याच्याजवळ चौदा जेवणांची सोय आहे त्याने पेटीतून घेऊ नये, असा दंडक होता.

या व्यवस्थेचा हिशोबही काटेकोर. पेटीची वर्गणी दोघांनी मिळून गोळा करावयाची, कारण एकट्यावर संशय येऊ शकतो. वाटप तिघांनी करावयाचे, कारण कोणाला किती हा एक प्रकारे निवाडाच आहे आणि त्यांच्याकडे निवाड्याला तीन माणसे लागत. वस्त्र मागणाऱ्याची चौकशी करावी. परंतु अन्न मागणाऱ्याची चौकशी करू नये, कारण चौकशी पूर्ण होईपर्यंत भूक थांबत नाही. परधर्मीय गरिबांनाही शांततेच्या हितासाठी स्वकीय गरिबांबरोबर पोसावे, असाही नियम आहे.

देण्याचे प्रमाण साधारणतः उत्पन्नाचा दहावा हिस्सा मानले गेले. पाचव्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, अशीही मर्यादा घालण्यात आली. दात्यानेच उद्या याचक होऊन दुसऱ्यांवर भार टाकू नये, हा तिचा हेतू. आणि आणखी एक नियम, जो आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो : जो स्वतः पेटीतून घेतो, त्यानेही त्यातील थोडे दुसऱ्याला द्यावे. वरवर पाहता हा नियम निष्ठुर वाटेल. परंतु त्याचा आशय असा की, गरिबाला केवळ घेणारा ठरवून समाजाबाहेर ठेवू नये. देण्याचा मान त्यालाही आहे.

हे दान नित्याचे आहे. सणासुदीला ते वाढते. पुरीमच्या दिवशी किमान दोघा गरिबांना भेट देणे प्रत्येकास आवश्यक असते. पण मूळ सवय रोजची आणि आठवड्याची. जगभरच्या अनेक ज्यू घरांत दानाची लहान पेटी असते आणि शुक्रवारी सायंकाळी शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी गृहिणी तिच्यात नाणे टाकते. मुलांच्या हातूनही ते टाकविले जाते. नाणे लहान असते, पण आठवडा चुकत नाही.

आठ पायऱ्या

बाराव्या शतकात मायमोनिडीस या विद्वानाने या सर्व नियमांची पद्धतशीर मांडणी केली. स्पेनमधील कॉर्दोबा येथे ११३८ च्या सुमारास त्याचा जन्म झाला आणि १२०४ मध्ये इजिप्तमध्ये त्याचे निधन झाले. तो व्यवसायाने वैद्य होता. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची, नाखुशीने दिलेले दान. तिच्यावर, कमी पण हसतमुखाने दिलेले. मग मागितल्यावर दिलेले. त्यावर, मागण्यापूर्वी दिलेले. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर प्रश्न ओळखीचा आहे. घेणाऱ्याला दाता माहीत, पण दात्याला घेणारा माहीत नाही. दात्याला घेणारा माहीत, पण घेणाऱ्याला दाता माहीत नाही. आणि त्याहून वर, दोघेही परस्परांना अज्ञात. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात एक गुप्त दालन असे. तेथे देणारे गुपचूप ठेवीत आणि चांगल्या घरचे पण विपन्नावस्थेतील लोक गुपचूप नेत. अशा दानाचा तो आदर्श होय.

परंतु ही सर्वोच्च पायरी नव्हे. सर्वोच्च पायरी म्हणजे माणूस कोसळण्यापूर्वीच त्याचा हात धरणे : त्याला कर्ज देणे, व्यापारात भागीदार करणे किंवा काम मिळवून देणे, जेणेकरून त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये. याच विचारातून यहुदी वस्त्यांमध्ये बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. दानाचे अंतिम उद्दिष्ट दानाची गरज संपविणे हेच आहे, असा या मांडणीचा निष्कर्ष आहे.

कोकणातील शनिवार तेली

महाराष्ट्रातील मराठीभाषक यहुदी म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत ते पिढ्यानपिढ्या तेल गाळण्याचा व्यवसाय करीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद राही, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आलेली. जातिव्यवस्थेच्या समाजाने त्यांना एका जातीची जागा दिली आणि त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद शिरला. परदेशातून आलेल्या धर्मालाही या भूमीची जातीयता कशी ग्रासते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग, 'शाअर हारहामीम' म्हणजे 'दयेचे द्वार', सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. पुढे कोकणातील गावोगावी सिनेगॉगे झाली. प्रार्थनेच्या वेळचा मान घेण्यासाठी लागणाऱ्या बोल्या, मंगलप्रसंगीच्या देणग्या आणि जमातीने केलेले दंड यांतून त्यांचा निधी जमे. नवस फेडताना आणि लग्नकार्यात होणारा 'मलिदा' हा बेने इस्राएलांचा खास विधी आहे. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा हा मलिदा प्रेषित एलियाहूच्या स्मरणाने जमलेल्या सर्वांना वाटला जातो. नाव फारसी, नियम हिब्रू आणि ताटातले पोहे कोकणातले.

१८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वल्हांडण सणाचा 'हागादा' हा विधिग्रंथ छापला गेला. त्यातील चित्रांत स्त्रिया साड्या नेसलेल्या आहेत. या विधीच्या आरंभीच घरातील माणसे घोषणा करतात की, जो कोणी भुकेला असेल त्याने येऊन आमच्याबरोबर जेवावे. गुलामीतून सुटल्याचा सण साजरा करताना पहिले स्मरण भुकेल्याचे व्हावे, यात मोठे ऐतिहासिक शहाणपण आहे. ज्यांनी गुलामी भोगली त्यांनी ती विसरू नये आणि दुसऱ्यावर लादू नये, ही शिकवण जुन्या करारात पुनःपुन्हा येते.

या समाजाने दानाची सर्वोच्च पायरी शिक्षणात शोधली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईत १८७५ मध्ये इस्राएली मुलांसाठी शाळा उघडली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेलघाण्यावरचा समाज दोन-तीन पिढ्यांत कारकून, शिक्षक, लष्करी अधिकारी आणि डॉक्टर झाला, त्यामागे शाळेसाठी उभारलेल्या अशा निधीचाही वाटा होता. १९४८ नंतर यांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. मागे राहिलेल्या थोड्या हजारांच्या समाजाला महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

ससून : दान आणि त्याची सावली

पुणे जिल्ह्यात यहुदी दानाचे सर्वांना ठाऊक असलेले नाव म्हणजे ससून. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदाद येथे झाला. तेथील राज्यकर्त्यांच्या जाचामुळे त्यांना शहर सोडावे लागले आणि १८३० च्या दशकाच्या आरंभी ते मुंबईस आले. कापूस, कापड आणि अफू यांच्या व्यापारात त्यांनी अपार संपत्ती मिळविली. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पुणे कॅम्पातील 'ओहेल डेव्हिड' हे लाल विटांचे सिनेगॉग, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, त्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. निराधार व अपंगांसाठी पुण्यात निघालेले अनाथ पंगू गृहही त्यांच्याच नावाचे. दौंड-शिरूरच्या खेड्यांतून आजही गोरगरीब रुग्ण 'ससूनला' जातात. त्यांपैकी बहुतेकांना हे एका यहुदी माणसाचे नाव आहे याची कल्पना नसते. मायमोनिडीसच्या पायऱ्यांवर बसविले, तर हे दान अनायासेच वरच्या पायरीवर जाते : देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही देणारा ठाऊक नाही. तेथे जात विचारून खाट दिली जात नाही, हेही महत्त्वाचे.

परंतु इतिहासाने दुसरी बाजू लपवू नये. ससून घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला. ज्या काळात पुण्यातील रुग्णांसाठी इमारत उभी राहत होती, त्याच काळात चीनमधील असंख्य कुटुंबे अफूने उद्ध्वस्त होत होती. तथागतांनी उपासकासाठी जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत मादक पदार्थांचा आणि विषाचा व्यापार येतो. सम्यक आजीविकेशिवाय केलेले दान हे अपुरे दान होय. एका हाताने केलेली जखम दुसऱ्या हाताने बांधली, तर बांधणाऱ्याचे आभार मानावेत; पण जखमेचा हिशोबही ठेवावा.

दुसरी सावली अधिक जवळची आहे. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांना आपल्या बरोबरीचे मानीत नसत. मुंबईच्या यहुदी दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून मिळावी, असा अर्ज बगदादी यहुद्यांनी १८३६ मध्ये सरकारकडे केला. पुढे इस्राएलमध्येही धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. दफनभूमीतील भिंतीची ही मागणी वाचताना आमच्या वाचकांना वेगळे भाष्य नको. एकाच देवाला मानणारे, एकच त्सदाका पाळणारे लोकदेखील मृत्यूनंतर शेजारी झोपायला तयार नसतात, तेव्हा लक्षात येते की दानाने पोट भरते. समता मात्र दानाने येत नाही. तिच्यासाठी वेगळा लढा द्यावा लागतो.

केडगावचे हिब्रू

आता केडगावकडे वळू. पुणे-दौंड लोहमार्गावरील हे गाव पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनामुळे जगाच्या नकाशावर आले. रमाबाईंनी (१८५८–१९२२) मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील अनाथ मुली आणि विधवा यांना आणले आणि त्यांच्यासाठी केडगावची वसाहत उभी केली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपले सोवळे पाळण्याची मुभा होती; केडगावात मात्र नाना जातींच्या दुष्काळग्रस्त मुली एकत्र राहिल्या. या कार्यास ख्रिस्ती धर्मप्रसाराची जोड होती आणि त्यावरून १८९३ च्या सुमारास पुण्यात मोठे वादळही झाले होते. परंतु अनाथ मुलींच्या भुकेचे उत्तर त्या वादळ करणाऱ्यांपैकी किती जणांजवळ होते, हा प्रश्न उरतोच. येथे हेही स्मरले पाहिजे की, त्याआधीच्या मोठ्या दुष्काळात, १८७७ मध्ये, महात्मा जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे बालाश्रम उघडून उपाशी मुलांना अन्न दिले होते.

केडगावला नुसते अन्नछत्र नव्हते. शेती, विणकाम, शिवण, छपाई असे उद्योग मुलींना शिकविले जात. रमाबाईंनी मायमोनिडीस वाचला होता की नाही हा मुद्दा नाही. आश्रिताला कामाला लावून त्याचा हात पसरणे बंद करावे, ही दिशा तीच आहे.

याहून विशेष गोष्ट अशी की, केडगाव हे हिब्रू भाषेचेही एक ठिकाण बनले. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा सामान्य बायकांना कळत नाही, म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून मूळावरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. सदनातील मुलींनीच खिळे जुळविले आणि तेथील छापखान्यातच ते छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले; त्याआधी थोड्याच काळापर्यंत त्या शेवटच्या मुद्रितांवर काम करीत होत्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शेताचा कोपरा गरिबांसाठी राखण्याचा, विसरलेली पेंढी विधवेला सोडण्याचा आणि मजुराला सूर्यास्तापूर्वी वेतन देण्याचा हिब्रू कायदा केडगावच्या छापखान्यात मराठी अक्षरांत उतरला. आणि तो ज्यांनी जुळविला, त्यांत स्वतः अनाथ, विधवा आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या स्त्रिया होत्या. ज्या तिघांची नावे त्या कायद्यात पुनःपुन्हा येतात, परका, अनाथ आणि विधवा, त्यांच्याच हातांनी तो कायदा भीमा-मुळामुठेच्या मुलखात छापला गेला, हा इतिहासातील योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

बलुते आणि सरवा

केडगावच्या शिवारात त्या काळी कोणता कायदा चालू होता? तो बलुत्याचा. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतेदारांना धान्याचा वाटा मिळे आणि महारांना त्यासाठी वर्षभर वेठबिगारी करावी लागे. त्यालाही 'हक्क' असेच म्हणत. परंतु या हक्काला जन्माची बेडी होती. धान्य टाकताना स्पर्श टळावा म्हणून वरून टाकले जाई. भाकरी मागताना दाराबाहेर उभे राहावे लागे. शेताच्या कोपऱ्यावरील गरीब कोणाचाही चाकर नव्हता. खळ्यावरील महार मात्र साऱ्या गावाचा चाकर होता. शब्द एकच, पण एकात मोकळीक आहे आणि दुसऱ्यात दास्य.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दास्यावर आघात केला. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचा संदेश दिला गेला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. शिळ्या तुकड्यावर पाणी सोडल्याशिवाय माणूस ताठ उभा राहत नाही, हे त्या लढ्याचे सार होते.

येथे बौद्ध परंपरेतील दानाची आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. कूटदन्त सुत्तात यज्ञ करू निघालेल्या राजाला सल्ला मिळतो की, शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला वेतन द्यावे. मग चोऱ्या आपोआप थांबतील. मायमोनिडीसच्या सर्वोच्च पायरीशी याचे साम्य उघड आहे. आणि हा विचार त्याच्या कितीतरी शतके आधीचा आहे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य आणि दारिद्र्यातून चोरी व हिंसा कशी वाढते, याची साखळीच दाखविली आहे. आमच्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या लेण्यांत, धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा आणि पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या गंधिकाचे आणि सुताराचे दान नोंदलेले आहे. राजांच्या बरोबरीने कारागिरांची नावे तेथे कोरली गेली. देणे हा कोणा एका वर्णाचा मान नव्हता.

विसावा भाग

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचा निश्चय करावा, असे सांगितले. यहुद्यांचा दहावा भाग आणि बाबासाहेबांचा विसावा भाग यांची तुलना केवळ आकड्यांची नाही. दोहोंमध्ये एक समान तत्त्व आहे : दान मनाच्या लहरीवर सोडू नये, ते नियमाने, ठराविक प्रमाणात, श्रीमंताने आणि गरिबानेही द्यावे. कालपर्यंत ज्याला केवळ घेणारा ठरविले होते, त्या समाजाला बाबासाहेबांनी देणारा म्हणून उभे केले. पेटीतून घेणाऱ्यानेही द्यावे या यहुदी नियमाचा जो आशय, तोच येथे अधिक मोठ्या प्रमाणावर व्यक्त झाला आहे.

हा इतिहास अभ्यासताना आम्हांस तीन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली, नित्याचे लहान दान हे प्रसंगी केलेल्या मोठ्या दानाहून समाजाला अधिक बळ देते. शुक्रवारच्या नाण्याने शाळा उभ्या राहतात. दुसरी, दानाचा हिशोब सार्वजनिक असावा. दोघांनी गोळा करावे आणि तिघांनी वाटावे, हा नियम आमच्या विहारांनी आणि मंडळांनी अवश्य अनुसरावा. जयंतीच्या वर्गणीवरून वस्तीवस्तीत जे वाद होतात, त्यांपैकी अर्धे या एकाच नियमाने मिटतील. तिसरी, दानाची दिशा शिष्यवृत्ती, वसतिगृह, बिनव्याजी कर्ज आणि रोजगार यांकडे असावी. कारण मिळालेल्या मदतीने पुढच्या मदतीची गरज संपली पाहिजे.

बेने इस्राएलांचा तेलघाणा शनिवारी थांबत असे. आमच्या वाडवडिलांच्या वेठीला मात्र कोणताही वार सुटीचा नव्हता. त्या वेठीतून सुटून आलेल्या समाजाने आज देणारे व्हावे, आणि देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ देऊ नये. विसाव्या भागाचा निश्चय ज्यांच्या घरी आजही पाळला जातो, त्यांनी तो मुलांच्या हातूनही पाळून घ्यावा. आणि ज्यांच्या घरी तो विसरला गेला असेल, त्यांनी या महिन्याच्या पगारापासून त्याचा आरंभ करावा.